किनाऱ्यावर फुल थ्रॉटल मारू इच्छिणाऱ्या मराठवाडी वीरांस

नांदेड-लातूरच्या तमाम रायडर बंधूंनो,



थंडी पडू लागली की आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तुमच्या मोहिमांचे जे आराखडे फिरू लागतात, ते पाहून एखाद्या जिल्हा नियोजन समितीनेही लाजून मान खाली घालावी. नांदेडकरांनी मध्यरात्री निघून लोहा-अहमदपूरमार्गे लातुरात येऊन मिळायचे, मग मुरूड, येडशी, बार्शी, टेंभुर्णी करत पुणे गाठायचे, ताम्हिणी उतरायची आणि माणगावहून समुद्राकडे वळायचे. पुढे कोण, शेवटी कोण, पंक्चरचे सामान कोणाकडे, चेनला तेल कधी मारायचे, पेट्रोल कुठे भरायचे, ड्रोन कोण उडवणार, सगळे ठरलेले. पाचशेहून अधिक किलोमीटरचा प्रत्येक थांबा घड्याळ लावून बसवलेला आणि शेवटच्या दोन किलोमीटरांपुढे मात्र एकच ओळ: ‘निर्जन बीच, फुल थ्रॉटल’. हे पत्र त्या एका ओळीविषयी आहे. बाकीच्या आराखड्याला शंभरपैकी शंभर गुण आणि वर हार-तुरे.

पहिली गोष्ट म्हणजे त्या ओळीत समुद्रच धरलेला नाही. जो दिवसातून दोनदा येतो आणि तुमचा सगळा रस्ता पुसून परत जातो, त्याची नोंद इतक्या बारीक आराखड्यात राहून जावी, हे कौतुकास्पद आहे. कोकणातल्या मच्छीमाराला भरती काढायला अ‍ॅप लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो आणि त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी पुरती ओहोटी. तुम्हालाही तिथी अनोळखी नाही. गाडी शोरूममधून उचलायची तर तुम्ही मुहूर्त काढता, हँडलला लिंबू-मिरची बांधता, चाकाखाली नारळ ठेवता. समुद्रावर जाताना तेवढे पंचांग घरी राहते. आता होळीच्या जोडून आलेल्या सुट्टीचेच गणित करू. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पुरती ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. पौर्णिमेला उधाण असते, म्हणून त्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा अधिक चढते आणि नेहमीपेक्षा अधिक उतरतेही. संध्याकाळी तुम्हाला जी रुंद, गुळगुळीत, मैदानासारखी वाळू दिसते, ती एरवी पाण्याखालीच असते आणि आतून पाण्याने भरलेली असते. वजन पडले की ती कणीक व्हायला वेळ लावत नाही. सूर्यास्ताच्या सोनेरी उजेडात ड्रोन उडतो, त्याच वेळी पाणी परतायला लागलेले असते. सहा तासांच्या भरतीत निम्मे पाणी मधल्या दोन तासांतच चढते आणि त्या दिवशी ते दोन तास अंधारात येतात.

‘आमच्या गाड्या खास याच कामासाठी बनवल्यात’ असे तुम्ही म्हणाल. असतील. हिमालयन ४५० चे वजन सामानाशिवाय १९६ किलो आहे. त्यावर तुम्ही, मागे बसलेला मित्र आणि दोन बाजूंच्या बॅगा चढवा, नि हे सगळे ओझे जमिनीला टेकते ते हाताच्या पंजाएवढ्या दोन ठिकाणी. २०२४ च्या डिसेंबरअखेर रेवदंड्याच्या वाळूत एक फेरारी रुतली आणि शेवटी बैलगाडीला दोर लावून ती ओढावी लागली, तेव्हा देश हसला, तुम्हीही हसलात. त्यातून तुम्ही धडा काय घेतला, तर चारचाकी नेऊ नये, दुचाकी न्यावी! असो. तुमची चेन खाऱ्या पाण्याने गंजेल, डिस्कवर मीठ बसेल, पुढचे चाक वाळूत नांगरासारखे घुसून गळ्याजवळचे हाड मोडेल. हा तुमचा, तुमच्या विमा कंपनीचा आणि तुमच्या आईचा प्रश्न. रात्री अकराचा गोंगाट, सायलेन्सर काढलेल्या गाड्या आणि मागे राहणाऱ्या बाटल्या यांचेही मला आज सोयरसुतक नाही.

मला राग आहे तो ‘निर्जन’ या दाव्याचा. मंडणगड तालुक्यातले वेळास, दापोलीतले आंजर्ले आणि केळशी, शिवाय गुहागर, अशा ज्या किनाऱ्यांना तुम्ही ‘अजून कोणी बिघडवले नाहीत’ म्हणून पसंती देता, तिथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. मादी रात्री येते, दीड-दोन फुटांचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला हे काम हाती घेतले, तोवर ही अंडी सर्रास उकरून नेली जात. जे चोर होते तेच पुढे राखणदार झाले, गावाने २००६ पासून कासव महोत्सव सुरू केला आणि आज पहाटे उठून वाळूवरच्या खुणा शोधणारी माणसे त्याच गावातली आहेत. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली, तेव्हा पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी असतात या समजालाच धक्का बसला. अंदाजे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास तिने केला. जॅकेटवर बिल्ला नाही, मागे स्वागताची कमान नाही, रील तर नाहीच. आणि तुम्ही पाचशे किलोमीटर आलात म्हणून तो किनारा तुमचा!

‘कासवे रात्री येतात, आम्ही दिवसा फिरू, घरटी तर कुंपणात असतात’ हे तुमचे उत्तर मला पाठ आहे. प्रत्येक घरटे माणसाला सापडतेच असे नाही आणि सापडलेले प्रत्येक हलवता येत नाही. शिवाय चाकाने नुसते अंडे फुटते एवढाच धोका नाही. चाकोरी ही पिल्लाच्या दृष्टीने खिंड असते. दोन इंचांचे पिल्लू त्या चरात उतरले की त्याला चढता येत नाही, ते समुद्राकडे जायचे सोडून चरातून आडवे चालत राहते आणि उन्हाने, खेकड्याने किंवा घारीने संपते. तुम्ही तोवर बार्शीत मिसळ खात असता. वरच्या अंगाला मर्यादवेलीने जखडून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत, ज्या उधाणाच्या वेळी गावाची भिंत होतात. जंपसाठी तुम्हाला नेमक्या त्याच लागतात. केळशीच्या टेकडीचा डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी अभ्यास केला आणि तिचा संबंध सोळाव्या शतकातल्या त्सुनामीशी जोडला. सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना कासवांच्या विणीच्या जागा आणि वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संवेदनशील गटात घालते, तर वन्यजीव संरक्षण कायदा या कासवाला पहिल्या अनुसूचीत. तुम्ही कुणब्याची पोरे आहात. पेरणी झालेल्या रानातून कोणी गाडी घातली, तर ‘इथे तर काहीच दिसत नव्हते’ हे त्याचे म्हणणे तुम्ही ऐकून घ्याल का?

आता तुमचे वकीलपत्र घेणाऱ्यांचे मुद्दे. मच्छीमारांचे ट्रॅक्टर वाळूवर जातात, अलिबागकडे किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती होतात, मग आम्हीच काय घोडे मारले? ट्रॅक्टर होडी ओढायला जातो, ठरलेल्या वाटेने जातो, नि चालवणाऱ्याला त्या वाळूची नस ठाऊक असते. शर्यतींचे समर्थन मी करत नाही, पण दुसऱ्याच्या चुकीचा सातबारा आपल्या नावावर करून घेण्याची घाई कशाला? दुसरा मुद्दा केरळच्या मुळप्पिलंगाडचा, कण्णूरजवळच्या त्या प्रसिद्ध किनाऱ्याचा, जिथे गाड्या चालवायला मुभा आहे. तो किनारा घट्ट वाळूचा, म्हणूनच गाड्यांसाठी ओळखला जातो. तिथे चालते म्हणून वेळासला चालावे, हा तर्क खरा मानला तर विष्णुपुरीच्या जलाशयात उद्या जहाजे आणावी लागतील. तिसरा मुद्दा पैशांचा: आम्ही जातो म्हणून गावाला रोजगार मिळतो. मिळतोच. पण घरगुती जेवण, मुक्काम आणि कोकमाच्या बाटल्या विकत घ्यायला गाडी पाण्याच्या रेषेवर न्यावी लागत नाही. शेजारच्या गोव्यात किनाऱ्यावर चाक टेकले की गुन्हा दाखल होतो. म्हणून तिथला पर्यटक कमी झालेला दिसत नाही.

आणि हे आपल्याला कोणी शिकवायला हवे होते काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी कोसळली. ढिगाऱ्यांखालून माणसे काढली जात होती, तेव्हा बघ्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबले होते. कोणाचे तरी घर हे दुसऱ्याच्या सहलीचे ठिकाण होते, म्हणजे काय होते, हे लातूर जिल्ह्याला सोसून माहीत आहे. गोदावरीची वाळू रात्रीतून हायवात भरून नेणाऱ्याला तुम्हीच माफिया म्हणता आणि महसूलवाल्यांनी नदीतले तराफे जाळले की तुम्हीच टाळ्या वाजवता. स्वतःच्या नदीची वाळू पवित्र आणि दुसऱ्याच्या समुद्राची वाळू खेळायची? ही बेशरमी आहे, तिला साहस म्हणू नका.

एवढे बोलून झाल्यावर एक कबूल करणे भाग आहे: तुमची ओढ खोटी नाही. ज्या लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या पोराला क्षितिजापर्यंत पाणीच पाणी पाहायचे असेल, तर त्याला हसणारा करंटा. लातूर पॅटर्नमध्ये दहावी ते नीट अशी वर्षे क्लासच्या बाकावर काढलेल्या, मग पुण्याच्या नोकरीत किंवा बापाच्या दुकानात अडकलेल्या माणसाला हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल हीच काय ती मोकळीक असते. राज्याच्या किनाऱ्यातली एक वीतही आपल्या वाट्याला आलेली नाही. कंधार, उदगीर, औशाचे किल्ले आणि सहस्रकुंडाचा धबधबा संपला की जवळ जायला फारसे उरत नाही. म्हणून तुम्ही जा. जरूर जा. रडतखडत परवानगी मागण्याची गरज नाही.

जाताना एवढेच करा. साहस हवे असेल तर खाड्यांचे घ्या: बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, गाडी फेरीबोटीवर चढवत किनारी रस्त्याने खाली उतरत जा, त्या वळणांवर आणि उतारांवर तुमच्या सगळ्या कौशल्याचा कस लागेल. मुक्काम गावातल्या घरात करा, पैसे मोजून द्या. कासवांची पिल्ले पाहायची असतील तर तिथल्या कार्यकर्त्यांना विचारून, टॉर्च बंद ठेवून, ते सांगतील तिथे उभे राहा. आणि गाडी सुरूच्या बनाअलीकडे, गावच्या रस्त्यावर लावून पुढे पायी जा. आराखड्यातली ती एक ओळ खोडा, बाकी सारे तसेच राहू द्या.

कळावे. लोभ असावा. नसला तरी हरकत नाही, किनाऱ्यावर चाक मात्र नसावे.

आपला,
एक मराठवाडी