धावतेबाबा

धावतेबाबा कुणी साधुपुरुष नव्हेत. पहाटे साडेचारला उठणं, खाण्यापिण्याचे कडक नियम, रात्री नऊनंतर कुणाशी बोलणं नाही आणि भेटेल त्याला आपल्या साधनेबद्दल सांगणं, ही लक्षणं त्यांच्यात आहेत खरी. पण मठ नाही. मठाच्या जागी टूनगॅबीतलं तीन बेडरूमचं घर आहे, घरावर तीस वर्षांचं कर्ज आहे, पहिलीतली मुलगी आहे, अडीच वर्षांचा मुलगा आहे, आणि साक्षात्काराची अजिबात घाई नसलेली बायको आहे.

सिडनीच्या मध्यापासून पश्चिमेला तीसेक किलोमीटरवरच्या या उपनगरात असे बाबा एकच नाहीत. दर दोन गल्ल्यांमागे एखादा निघतोच. वय अडतीस ते पंचेचाळीस, पोट संगणकावर चालणारं, गाव नाशिक, डोंबिवली नाहीतर सातारा. शाळेत पीटीच्या तासाला हमखास डोकं दुखायचं. आमचे बाबा साताऱ्याचे. सातारकर यवतेश्वरचा घाट पळत चढायला लागले ते २०१२ साली, हिल मॅरेथॉन सुरू झाल्यावर. बाबांनी त्याआधीच गाव सोडलं होतं. त्यांच्या काळात ते यवतेश्वरला मोटरसायकलवरून जात, आणि तेही भजी खायला.

पळण्याचं वेड लागलं ते दुसऱ्या बाळंतपणानंतर. दुसऱ्या म्हणजे बायकोच्याच, पण वजन दोघांचं वाढलं होतं. क्रिकेटला अकरा माणसं लागतात, ट्रेकिंगला अख्खा दिवस लागतो, बॅडमिंटनला कोर्ट मिळवावं लागतं. पळायला फक्त दार उघडावं लागतं. शिवाय मूल रडायला लागलं तर या माणसाला फोन करून अर्ध्या वाटेवरून परत बोलावता येतं. बायकोने परवानगी दिली ती या एकाच गुणावर. ‘जगातला सगळ्यात स्वस्त छंद,’ असं बाबा तेव्हा म्हणाले होते. त्यानंतर घरात आले: तीन जोड बूट (एक रस्त्याचा, एक शर्यतीचा, एक ‘विश्रांती घेत असलेला’), मनगटावरचं घड्याळ, कपाळावरचा दिवा, तीन चाकांची पळायची प्रॅम आणि फिजिओथेरपिस्टची बिलं. हल्ली ‘स्वस्त’ हा शब्द त्या घरात कुणी मोठ्याने उच्चारत नाही.

फ्रिजवर मुलीने काढलेल्या मोराच्या शेजारी बाबांचा आराखडा चिकटवलेला असतो. हॅल हिगडन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी नवशिक्यांसाठी बनवलेला, अठरा आठवड्यांचा. आठवड्यातून चार दिवस पळायचं, आठवड्याचा लांब पल्ला हळूहळू वाढवत वीस मैलांवर, म्हणजे बत्तीस किलोमीटरवर न्यायचा. आराखडा उत्तम आहे. फक्त तो रात्री झोपणाऱ्या माणसासाठी लिहिलेला आहे. चाइल्डकेअरमधून दर पंधरवड्याला घरी येणारा नवा ताप, कांजिण्यांचा संशय, ‘बाबा, पाणी’, ‘बाबा, शू’, ‘बाबा, भिंतीवर काहीतरी आहे’, यांच्यासाठी त्यात रकाना नाही. बाबांनी तो पेनाने आखून घेतला आहे. अठरापैकी सहा आठवडे त्याच रकान्यात जातात. उरलेल्या बारांत मॅरेथॉन बसवायची असते.

पहाटेचं निघणं ही खरी कसरत. पळायचे कपडे रात्रीच अंगात घालून झोपायचं. उठल्यावर बूट हातात. पॅसेजमधली तिसरी फळी वाजते, ती ओलांडायची. सरकदार एक वीत उघडलं की त्यातून तिरकं निघायचं. इतकं सगळं निर्विघ्न पार पडलं की मनगटावरचं घड्याळ टिंग वाजवून उपग्रह सापडल्याची बातमी देतं. आतून हाक येते, ‘बाबाऽ!’ मग एक तर साधना रद्द, नाहीतर बाळासकट.

जुलैत सूर्य सातला उगवतो आणि सिडनीच्या पश्चिमेला पहाटे पारा चार-पाच अंशांवर असतो. जुन्या टूनगॅबीकडे १७९१ साली इंग्रजांनी सरकारी शेत काढलं. सिडनी आणि पॅरामाटानंतरची ही तिसरी वसाहत. इथे कैद्यांना राबायला लावण्यासाठी पहारेकरी ठेवावे लागत. अशा थंडीत, पहारेकरी नसताना, वर प्रवेश-फी भरून राबणारा माणूस या भूमीला मिळायला पुढे दोनशे वर्षं लागली.

स्टेशनजवळच्या बऱ्याच रस्त्यांना रोमन बायकांची नावं आहेत: ऑरेलिया, कॉर्नेलिया, मेटेला, पोर्शिया. बाबा साताऱ्याला फोनवर उत्साहाने सांगत, ‘आज कॉर्नेलियाला दमवलं. उद्या मेटेला.’ आईने आठवडाभर ऐकून घेतलं आणि मग सुनेला वेगळा फोन लावला. रस्त्यांचा नकाशा व्हॉट्सअॅपवर पाठवल्यावरच प्रकरण मिटलं.

शनिवारी पॅरामाटा पार्कात पार्करन असते. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात तेरा जणांनिशी सुरू झालेली ही पाच किलोमीटरची फुकट दौड आता जगभर चालते. फुकट म्हटल्यावर बाबा सहकुटुंब जातात. नियम असा की अकरा वर्षांखालच्या मुलाने मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर राहायचं. मुलगी पहिले तीनशे मीटर मॅरेथॉनपटू किपचोगेच्या वेगाने पळते. बाबा एका हाताने प्रॅम ढकलत, दुसरा हात नियमाप्रमाणे तिच्या दिशेने लांब करत मागे धावतात. तीनशेएकाव्या मीटरला तिला एक पान सापडतं. ते कुठल्या झाडाचं, त्याला भोक कुणी पाडलं, तो किडा आता कुठे असेल, याचा सविस्तर तपास होतो. तेवढ्यात धाकट्याने मोजा फेकलेला असतो. मोजा मागे, मुलगी जागेवर, प्रॅम उतारावर. बाबांना कुणाच्या मागे पळायचं ते ठरवावं लागतं. आणि या सगळ्यानंतर पोहण्याचा क्लास, तोही पलीकडच्या उपनगरात.

बाबांचा पाच किलोमीटरचा उच्चांक मात्र कुठल्याच शर्यतीत नोंदलेला नाही. तो चाइल्डकेअरच्या वाटेवरचा आहे. संध्याकाळी ऑफिसातून येताना ते वेस्टमीडलाच गाडीतून उतरतात आणि वेंटवर्थव्हिल, पेंडल हिल ही स्टेशनं बाजूला टाकत पाठपिशवी घेऊन घरापर्यंत पळतात. जाण्यायेण्याच्या वेळात सराव उरकतो, असा हिशोब. चाइल्डकेअर सहाला बंद होतं आणि उशिराला मिनिटामागे दंड असतो. गाडी सिग्नलला अडकली की बाबांचे पाय असे काही चालतात की कुठल्याही प्रशिक्षकाने धन्य व्हावं. पाच एकोणसाठला दारात. तिथल्या ताईंनी घामाघूम माणसाच्या हातात मूल देताना पहिल्यांदा विचारलं होतं, काही वाईट घडलंय का? आता त्या पाण्याचा पेला तयार ठेवतात.

घरातला सगळा व्यवहार उधारीवर. पळालेला प्रत्येक तास बाबांच्या नावे चढतो आणि वसुली चक्रवाढ व्याजाने होते. रविवारी चोवीस किलोमीटर पळायचे, तर त्याबदल्यात इकियाची एक फेरी, दोन्ही मुलांच्या आंघोळी, मराठी शाळेची ने-आण आणि सासूबाईंशी अर्धा तास व्हिडिओ कॉल. पैकी व्हिडिओ कॉलचा दर बाबांना चढा वाटतो, पण बोलायची सोय नाही. वाढदिवसांना आणि सत्यनारायणांना ते पळत जातात, कुटुंब मागून गाडीतून येतं. यजमान दारात तीर्थ घेऊन उभे, आणि बाबा आत यायच्या आधी अंगणात वर्तुळात फिरतायत, कारण घड्याळात ९.८ दिसतंय आणि उरलेले दोनशे मीटर सोडून दिले तर स्ट्राव्हा अॅपवर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

या सगळ्या तपश्चर्येचा पाया म्हणजे आईवडिलांचा व्हिसा. सिडनी मॅरेथॉन ऑगस्टच्या अखेरीला. अठरा आठवडे मागे मोजले की एप्रिलचा शेवट येतो, आणि साताऱ्यात ऊनही तेव्हाच कडक असतं. ‘आई, तिकडच्या उन्हात कशाला राहता, इकडे या,’ असं बाबा कळवळून म्हणतात तेव्हा त्यात मातृप्रेम असतंच, पण हॅल हिगडनही असतात. आईवडील सहा महिन्यांचा व्हिसा आणि दोन स्वेटर घेऊन उतरतात. उन्हातून निघून थेट हिवाळ्यात. वडील पहिल्याच पहाटे सोफ्यावर शाल गुंडाळून बसलेले असतात. मुलगा कपाळाला दिवा बांधून निघालेला बघून विचारतात, ‘किती पळणार?’

‘अठरा किलोमीटर.’

‘अरे, पोलीस भरतीलासुद्धा सोळाशे मीटर पुरतात.’

२०२५ चं साल बाबांच्या चरित्रात सुवर्णाक्षरांचं. सिडनी मॅरेथॉन त्या वर्षीपासून जगातल्या मोठ्या मॅरेथॉनांच्या पंक्तीत सातवी म्हणून बसली, किपचोगे धावणार होते, आणि सोडतीत बाबांचं नाव निघालं. तारीख ३१ ऑगस्ट, रविवार. बाबांनी ऑफिसात पेढे वाटले. बायकोने काहीच न बोलता भिंतीवरचं कालनिर्णय काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. २७ ला गणेश चतुर्थी, ३१ ला गौरी आवाहन.

‘म्हणजे गौरी घरात यायच्या वेळी तू हार्बर ब्रिजवर.’

‘अगं, पूल पहिल्या टप्प्यातच लागतो. गौरी येतील तोवर मी बराच पुढे गेलेलो असेन.’

हे उत्तर पळणाऱ्याच्या दृष्टीने बिनचूक होतं. संसाराच्या दृष्टीने त्याची वसुली अजून चालू आहे.

शर्यतीआधीचे चार दिवस पिष्टमय पदार्थ भरपूर खावेत असं शास्त्र सांगतं. नेमके तेच चार दिवस आईचे उकडीचे मोदक. तांदळाची पिठी, गूळ, खोबरं. आयुष्यात पहिल्यांदाच धर्म आणि क्रीडाविज्ञान एका ताटात आलेले पाहून बाबांनी दोघांचाही मान राखला. बुधवारी अकरा, गुरुवारी नऊ. तूप मात्र आराखड्यात नव्हतं. ते आईने परस्पर घातलं.

रविवारी अंधारात निघून बाबा उत्तर सिडनीत तीस हजारांहून जास्त माणसांत जाऊन उभे राहिले, पूल ओलांडला, आणि सिफान हसन बायकांची शर्यत जिंकून बऱ्याच वेळाने, भर दुपारी, ऑपेरा हाउसशी पोचले. तोवर टूनगॅबीत सासूसुनांनी गौरींचे मुखवटे पुसले, साड्या नेसवल्या, दारापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं काढली, दोन्ही मुलांना त्या पावलांवरून तीनदा हाकललं आणि संध्याकाळच्या हळदीकुंकवाची तयारी केली.

घरी आल्यावर बाबांना कळलं की आत शिरायला ती पावलं ओलांडावी लागणार आणि आपला पाय तर चार बोटांपेक्षा वर उचलत नाही. आईने त्यांना उंबऱ्यातच थांबवलं. गौरीला आत घेताना विचारतात, काय घेऊन आलीस? त्याच सुरात तिने लेकाला विचारलं. बाबा म्हणाले, ‘मेडल. आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी.’ त्यांना गॅरेजमधून आत घेण्यात आलं. रात्री आरतीला सगळे उभे होते, बाबा खुर्चीवर. आरती संपल्यावर प्रसाद घेऊन खुर्चीवरून उठायला दोन माणसं लागली. वडिलांनी एकच शेरा मारला, ‘भरतीत नापास.’

असा माणूस त्या दिवसानंतर सुधारतो, असा समज असेल तर तुम्ही कधी धावतेबाबा पाहिलेला नाही. २०२६ चं कालनिर्णय घरात आलं तसं बाबांनी स्वतःच ते उघडलं. अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती लांबले, चतुर्थी १४ सप्टेंबरला. मॅरेथॉन ३० ऑगस्टला. दोघांत चांगलं पंधरा दिवसांचं अंतर. पंचांगकर्त्यांनी खास आपल्यासाठी महिना वाढवला, अशा कृतज्ञतेने त्यांनी बायकोकडे विषय काढला. वादाची जय्यत तयारी करून आले होते. ती लगेच ‘हो’ म्हणाली. बाबांच्या पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर त्यांच्या आराखड्याशेजारी तिचा आराखडा लागला. तोही अठरा आठवड्यांचा, तसाच चौकटींचा, तिच्या नीट अक्षरात. मथळा ‘झोप’. आठवड्यातून चार दिवस पहाटेची झोप, रोज पाऊण तास. शनिवारी दुपारी लांब पल्ला: पहिल्या आठवड्यात दीड तास, मग दर आठवड्याला वाढवत सोळाव्यापर्यंत चार तास, सलग, दार बंद, फोन बाहेर. शर्यतीच्या दिवशी, म्हणजे बाबांच्या शर्यतीनंतरच्या रविवारी, हॉटेलात एक रात्र. एकटीने. मुलं, डबे, पोहण्याचे क्लास आणि ‘भिंतीवर काहीतरी आहे’ हा सगळा मदतकार्याचा भाग बाबांकडे.

बाबांनी अनुभवी खेळाडूच्या गांभीर्याने तो कागद वरून खाली वाचला. एक त्रुटी त्यांच्या लक्षात आली.

‘यात शेवटचे आठवडे कमी-कमी करत आणायचे असतात. आणि नंतर रिकव्हरीचा आठवडा लागतो. तो कुठाय?’

‘तो तुझ्या कागदावर लिहून ठेव,’ ती म्हणाली. ‘मला नाही लागणार.’