एक पुरुषमाणूस पाहिजे

अहो वहिनी, जरा या की इकडे कुंपणापाशी. कुकर लावलाय ना? मग शिट्ट्या होईपर्यंत होतंय माझं सांगून. या शेंगा घ्या आधी. शेवगा तुमच्याच बाजूला वाकलाय, खायचा हक्क तुमचाही.

कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाई दर गुरुवारी पिशवी घेऊन कुठं जातात, ठाऊक आहे? भजनाला? कसलं भजन! हायस्कुलात जातात, आठवी-नववीच्या पोरांना वयात येण्याबद्दल सांगायला. हो, तेच सगळं. डोळे कशाला मोठे करताय? आणि पगार म्हणाल तर दमडी नाही, रिक्षाभाडंसुद्धा पदरचं. एका संस्थेनं गावातली अशी माणसं जमवून तयार केलीत, त्यात या. नोकरीत असताना जीवशास्त्राचा तेवढा धडा आला की ‘घरी वाचून घ्या’ म्हणायच्या म्हणे. तो आता रिटायर झाल्यावर पुरा करतायत.

पिशवीत काय असतं, तेही विचारून घेतलं मी. पत्र्याचा डबा, वर फट पाडलेला. सगळ्या पोरांनी त्यात चिठ्ठी टाकायची, नाव घालायचं नाही. ज्याला काही विचारायचं नाही त्यानं कोरी टाकायची, पण टाकायची प्रत्येकानं. म्हणजे कुणाला काय पडलंय, ते शेजारच्या बाकावरच्यालाही कळत नाही. आहे की नाही डोकं?

मुलींच्या चिठ्ठ्या तुम्ही-आम्ही न वाचता सांगू. पाळीत पोट का दुखतं, लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का, कपडा वापरला तर चालतं का. त्यांना निदान कुणीतरी सांगतं हो. आशाताई आहेत, अंगणवाडीच्या बाई आहेत, अस्मिता योजनेतून शाळकरी मुलींना पाच रुपयांत आठ पॅड मिळायला लागले तेव्हा गावोगाव त्यावर बोलणंही झालं. कमी पडतं, पण होतं.

मुलांच्या चिठ्ठ्यांनी मात्र बाई गार पडल्या. झोपेत चड्डी ओली होते, मला रोग झालाय का? ताकद जाते का? एका थेंबाला रक्ताचे शंभर थेंब लागतात म्हणे, मग मी मरणार का? छातीत गाठ आलीय, मी मुलगी होणार का? ऐका, ही गाठ वयात येताना पुष्कळ मुलांना येते आणि बहुतेकांची वर्षा-दोन वर्षांत आपली आपण जिरते. मला तरी कुठं माहीत होतं? तुम्हाला होतं? दोन-दोन मुलगे वाढवले ना आपण! पोरगं बिचारं उन्हाळ्यातसुद्धा बनियनवर शर्ट, शर्टावर जाकीट घालून फिरतं, आणि आपण म्हणतो, फॅशन आलीय.

आणि त्यांना सांगतं कोण, तर एसटी स्टँडच्या मुतारीवरची जाहिरात. ‘निराश का होता? एकदा अवश्य भेटा.’ नाहीतर मोबाइल. त्यात काय काय दिसतं, ते मी या शेवग्याखाली उभी राहून सांगत नाही.

गल्लीत कुजबुज सुरू झालीय, ती वेगळीच. नको ते डोक्यात भरवतात, पोरं बिघडतील म्हणे. अहो, चिठ्ठ्या पोरांनीच लिहिल्यात ना? डोक्यात होतं म्हणूनच डब्यात आलं. युनेस्कोनं जगभरचे अभ्यास धुंडाळून २०१८ साली सांगितलंय, असं शिकवल्यानं पोरं काही लवकर त्या वाटेला लागत नाहीत. पण आपल्याकडे ऐकतं कोण? २००७ साली विधिमंडळात गदारोळ झाला आणि शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं, आठवतं? समोरच्या काकू तर म्हणाल्या, लग्न झाल्यावर कळेलच की. मी म्हटलं, काकू, लग्न करता कधी तेही बघा. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के बायकांची लग्नं अठरा पुरायच्या आत झालेली निघाली. गप्प बसल्या.

हे दुखणं जुनंच आहे बरं का. महर्षी कर्व्यांचा थोरला मुलगा, रघुनाथराव. ‘ध्यासपर्व’ सिनेमा पाहिलाय ना तुम्ही? तेच ते. विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक, पण संततिनियमनाचा प्रचार सोडेनात म्हणून नोकरीला मुकले. १९२७ पासून थेट १९५३ साली जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांनी अशीच पत्रं पाठवायची आणि यांनी सरळ उत्तरं छापायची. त्यापायी १९३४ साली कोर्टात उभं राहावं लागलं. वकील कोण, तर बाबासाहेब आंबेडकर! तरी हरले, २०० रुपये दंड झाला. तेव्हा मासिकाला जे लोक विचारायचे, तेच आता पत्र्याच्या डब्यात येतंय. तिकडे गडचिरोलीत राणीताई बंग ‘तारुण्यभान’ची शिबिरं घेतात, ती चांगली तीन-तीन दिवसांची. आपल्या बाईंना मिळतो शाळेचा एक तास, त्यातही पाच मिनिटं खिदळण्यात जातात. जाऊ द्यायची म्हणतात. हसू ओसरलं की मग पोरं ऐकतात.

पण उगाच कुणीही उठून जायचं नाही हं. संस्थेनं आधी शिकवलंय, पोलिसांकडची पडताळणी केलीय. पोराशी एकट्यानं खोलीत बोलायचं नाही, फोन नंबर द्यायचा नाही, आपल्या घरचं पुराण सांगायचं नाही. उत्तर येत नसेल तर पुढच्या गुरुवारी सांगते म्हणायचं, ठोकून द्यायचं नाही. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर मुळीच द्यायचं नाही. कारण एखाद्या चिठ्ठीत काका रात्री त्रास देतात, असंही निघतं. तिथं २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, कळल्यावर पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणून फळ्यावर पहिल्याच दिवशी १०९८ लिहितात. मुलांची हेल्पलाइन. आणि खासगीत विचारायचं असेल तर सरकारी दवाखान्यातल्या मैत्री क्लिनिकची वाट दाखवतात, तिथं फुकटात सल्ला मिळतो.

आता मुद्द्याचं. शेंगा काही उगाच नाही दिल्या तुम्हाला.

या कामाला माणसं आली ती सगळ्या बायका. निवृत्त शिक्षिका, एक नर्स, बँकेतल्या दोघी. पुरुष एक नाही! त्यांना गणपतीची वर्गणी गोळा करायला वेळ आहे, कट्ट्यावर राजकारण झोडायला आहे, पण पोरांसमोर उभं राहा म्हटलं की सगळ्यांची कंबर दुखते. बाई म्हणतात, मी सांगते ते पोरं ऐकतात, पण मागच्या बाकावरची माना खाली घालून बसतात. मिशीवाला माणूस समोर उभा राहून ‘असं पुष्कळ मुलांना होतं, काही होत नाही रे’ एवढं म्हणाला, तर निम्मं ओझं उतरेल. आणि मुलगी नाही म्हणाली तर विषय संपला, मागं लागायचं नाही, हेही पुरुषाच्या तोंडून आलेलं बरं.

तर तुमचे अण्णा. हसताय काय? आयुष्य एसटीत गेलं, स्टँडवरची कंट्रोलरकी केली, शेकडो कॉलेजकुमार खिडकीवर हाताळलेत त्यांनी. आवाज आहे, लाज नाही, पोरं ऐकतात. जीवशास्त्र यावं लागत नाही, ते संस्था शिकवते. आमच्या ह्यांना मी आधीच विचारलं, ते पेपरात तोंड घालून बसलेत.

कुकर वाजला बघा. अण्णांना जेवायच्या आधीच विचारा, जेवल्यावर ते झोपतात. शनिवारी सकाळी दहाला बाईंच्या ओट्यावर नव्या लोकांची बैठक आहे, त्यांना घेऊन या.