आठ दशांश

बारावीत मला 59.2 टक्के पडले. पांढुर्ण्यात त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही. पूरक परीक्षा द्यावी लागली नाही म्हणून आईनं पेढे वाटले, अंकसूची पेटीत गेली आणि मी भोपाळला इंजिनिअरिंगला.

चार वर्षांनी कॉलेजात कंपनी आली. नियम असा : दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, तिन्हीकडे साठ. बॅक नको, गॅप नको. मला प्रोग्रॅम लिहिता येतो का, हे कोणी विचारायच्या आतच मी दाराबाहेर होतो. माझे आठ दशांश रसायनशास्त्रात अडकले होते. कुठल्या कॉम्प्युटरला बेंझीन लागतं, ते मला अजून कळलेलं नाही.

आईचं माहेर सौंसरचं. तिनं लगेच जामसावळीच्या मारुतीला नवस बोलला. तिथला मारुती निजलेला. "जो स्वतःच पडून आहे, तो माझे टक्के काय उठवणार?" असं मी म्हणालो आणि पाठीत धपाटा खाल्ला.

बाबा संत्र्याच्या बगीच्यातले. मोठा, मध्यम, बारीक असा माल निवडता निवडता म्हणाले, "अबे, व्यापारी काय एकेक संत्रं सोलून चाखते? ट्रकभर माल असते. तो साइज पाह्यते."

"पण बारीक संत्रं गोड असते ना?"

"असते ना. म्हनून तं आपन घरी खातो."

म्हणजे माझी सोय झाली होती. घरी.

2013 मध्ये गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी सांगून टाकलं की, नोकरी देताना परीक्षेचे गुण पाहणं निरुपयोगी आहे. मी आनंदानं ओरडणार, तोच पुढचं वाक्य दिसलं : नुकत्याच पास झालेल्यांत मात्र थोडासा संबंध आढळतो. मी नुकताच पास झालो होतो.

शेवटी नागपुरात एका लहानशा ऑफिसात मला बिघडलेला प्रोग्रॅम देऊन "हा चालवून दाखव" म्हणाले. संध्याकाळपर्यंत चालला. त्यांनी सोलून चाखलं होतं.

पुढं 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून निघाल्या आणि पांढुर्णा जिल्हा झाला. त्या बढतीला बारावीचे टक्के लागले नाहीत. मलाही बढती मिळाली. मी टेबलाच्या पलीकडं गेलो. जागा दोन, अर्ज सातशे. प्रत्येक पोराला प्रोग्रॅम लिहायला लावायचं, अशी शपथ घेतली. पहिल्या रात्री तीस झाले. दुसऱ्या रात्री अकरा. तिसऱ्या रात्री मी मुकाट्यानं चाळणी लावली : किमान साठ.

बाबांना फोन केला. ते हसले. "झाला ना बे व्यापारी! पन या चाळनीत तू राह्यला असता का?"

फोन ठेवला, साठ खोडलं आणि एकोणसाठ लिहिलं.

58.2 वाल्याच्या आईनं आता जामसावळीला जावं.