मूषकाचा डोळा

आमच्या फियाटचा उजेड माझ्या उजव्या पायात होता. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दिवे लख्ख, पाय उचलला की समईची वात. नागपूरच्या व्हरायटी चौकात सिग्नलला उभं राहिलं की माझ्या हेडलाइटचा उजेड पुढच्या स्कूटरवर पडण्याऐवजी तिच्याच लाल दिव्याचा उजेड माझ्या बंपरवर पडायचा. इंडिकेटर लावला की हेडलाइटही त्याच्या ठेक्यावर डोळे मिचकावायचे. हॉर्न दाबला की वायपर मध्येच थांबून ऐकायचा. एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढायचं, असा सगळा महिनाअखेरीचा संसार.

फियाट म्हणजे खरं तर प्रीमियर पद्मिनी, १९७८ ची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. कंपनीने नाव चितोडच्या राणीचं दिलं, पण आमच्या घरात तिला पद्मिनी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. बाबांनी ती बातमी दोनदा वाचली आणि पोर्चमध्ये जाऊन बॉनेटवरून फडकं फिरवून आले. त्या दिवशी घरात सुतक पाळलं नाही, इतकंच.

दुखण्याचं मूळ होतं डायनामो. इंजिन पळत असेल तोवर तो बॅटरीला वीज देतो. इंजिन मंद झालं की देणं बंद. गाडी घेतली तेव्हा नागपुरात सिग्नल मोजके असतील, त्यामुळे हा स्वभावदोष खपून गेला. पुढे मी हॅलोजन बसवले, जोडहॉर्न बसवला, मोबाइलचा चार्जर बसवला. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तेव्हा डॅशबोर्डवर एक पंखाही बसवला. एका रात्री कागदावर हिशेब मांडला. नुसत्या हेडलाइटचे ११० वॅट, म्हणजे बारा व्होल्टला नऊ अँपिअर. त्यात पंखा, वायपर, इग्निशन. डायनामो बिचारा वीसेक अँपिअरचा, तोही पळत असताना. कमावता एक आणि खाणारे आठ.

शेवटी तो वर्धा रोडला बसला. वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली रस्ता, ३.१४ किलोमीटरचा हा दुमजली पूल २०२२ साली गिनीजच्या बुकात गेला. त्या जागतिक विक्रमाच्या बरोब्बर खाली, पावसात, मी फियाट ढकलत होतो. डोक्यावरून मेट्रो गेली. तिचे दिवे मात्र अजिबात मंद झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारे उस्ताद आले. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर 'सेल्फ-डायनामो' एवढंच लिहिलंय.

"हा काढून नवा डायनामो टाकू," ते म्हणाले.

"अल्टरनेटर," मी म्हणालो.

"तोच तो. नवा डायनामो."

इतवारीतल्या भंगारातून त्यांनी पंचेचाळीस अँपिअरचा एक अल्टरनेटर पैदा केला. मी इंटरनेटवर दोन रात्री जागून चार रंगांत वायरिंगची आकृती काढली होती. उस्तादांनी ती मन लावून पाहिली, घडी घातली आणि हात पुसले.

काम मात्र देखणं झालं. लोखंडी पट्टी कापून ब्रॅकेट केलं. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे ते एक डोळा मिटून, कॅरमच्या सोंगटीवर नेम धरावा तसं पाहत होते. जुना कटआउटचा, म्हणजे डायनामोच्या रेग्युलेटरचा, डबा त्यांनी सरळ काढून टाकला. नव्याचा रेग्युलेटर त्याच्या पोटातच असतो. मी जुनी चार्जिंगची वायर पुन्हा वापरू म्हटलं, तर त्यांनी हात जोडले. "भाऊ, विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचा पंप बसवून राहिले तुम्ही, अन् पाइप अर्ध्या इंचाचा? वायर जळंन ना बाप्पा!" मग बोटाएवढी जाड वायर आली, तिच्या टोकाला तांब्याचं थिंबल, त्यावर सोल्डर. ती थेट बॅटरीवर, मध्ये फ्यूज. इंजिनची अर्थिंग घासून लख्ख केली. अल्टरनेटरच्या मागे दुसरं एक बारीक टोक होतं. त्याला डायनामोची जुनी बारीक वायर जोडली, जी डॅशबोर्डात कुठेतरी जाते.

गाडी सुरू केली. मीटर लावला. चौदा व्होल्ट दाखवायला हवा, तो १२.१ वर बसून राहिला. रेस दिली, तरी १२.१. पंचेचाळीस अँपिअरचा गडी नुसता गरगर फिरत होता, काम शून्य. असे लोक मी ऑफिसात पाहिलेत, पण बॉनेटखाली पहिल्यांदाच.

उस्तादांनी अल्टरनेटर काढून दुकानात नेला. तिथे ठणठणीत चालला. परत बसवला, पुन्हा गप्प. असे तीन दिवस गेले. बाबा पोर्चमधल्या खुर्चीतून रोज एकच वाक्य बोलत. "जुना काय वाईट होता?"

तिसऱ्या दिवशी उस्तादांनी किल्ली अर्धी फिरवली आणि डॅशबोर्डाकडे पाहत राहिले. "चार्जिंगचा लाल दिवा काहून लागून नाही राहिला?"

मी म्हणालो, तो मी जन्मात लागलेला पाहिला नाही. मला ती शोभेची काच वाटायची.

त्यांनी पॅनेल सोडवलं. होल्डर होता. बल्ब नव्हता. खुर्चीतून खोकल्याचा आवाज आला.

"तो गणपतीत घेतला होता," बाबा म्हणाले. "ऐन आरतीला लाइन जायची. बॅटरीवर आरास केली होती. मूषकाच्या डोळ्यात लावला."

"कोणत्या वर्षी?"

"तू चौथीत होतास."

म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं गाडी त्या बल्बाशिवाय धावली. उस्ताद म्हणाले, "डायनामोले गरजच नव्हती ना त्याची. नव्याले लागते."

ही गंमत मला नंतर नीट उमगली. डायनामोच्या लोखंडात जुनं चुंबकत्व थोडंसं शिल्लक राहतं. फिरू लागला की तेवढ्या शिदोरीवर तो स्वतःच स्वतःला जागं करतो. वेर्नर सीमेन्स यांनी १८६६ साली हेच तत्त्व हेरलं होतं. अल्टरनेटरचं तसं नाही. किल्ली फिरवल्यावर बॅटरीतली चिमूटभर वीज त्या लाल दिव्यातून त्याच्या गुंडाळीत जाते, तेव्हा कुठे तो चुंबक होतो. एकदा कमावू लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि दिवा आपोआप विझतो. इतकी वर्षं मी त्या दिव्याला शोभेची काच समजत होतो, आणि तो निघाला सकाळी गडी उठवणारा.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांना आजवर कुणी उठवलेलं मला आठवत नाही. पहाटे पाचला आपल्या आपण सुरू. फक्त रिकामं बसवलं की काही देत नाहीत, नुसतं 'जुना काय वाईट होता' म्हणतात. माझी क्षमता कागदावर दुप्पट. पण कुणी चहाचा कप हातात दिल्याशिवाय माझ्यात चुंबकत्व येत नाही. नुसता गरगर फिरतो.

उस्तादांनी खिशातून वाटाण्याएवढा बल्ब काढून बसवला. किल्ली फिरवताच तो लाल झाला. सेल्फ मारला, थोडी रेस दिली, आणि तो विझला. मीटर १४.१. हेडलाइट लावले, पंखा लावला, हॉर्न दाबला. कुणी कुणाच्या ताटातलं घेतलं नाही. मी पाय उचलला, तरी समोरची भिंत दिवाळीसारखी उजळलेली. बाबा उठून आले, भिंतीकडे पाहून म्हणाले, "हं." हे त्यांचं सर्वोच्च प्रशस्तिपत्र.

खात्री म्हणून उस्तादांनी गाडी बंद करून पुन्हा किल्ली अर्धी फिरवली. एक लाल दिवा लागला. त्यांची मान तिरकी झाली. "दोन लागाले पाहिजे. ऑइल प्रेशरवाला कुठं गेला?"

आम्ही दोघांनी मागे वळून पाहिलं. बाबा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले होते आणि छताकडे बघत होते.

"मूषकाला डोळे दोन असतात रे," ते म्हणाले.

मी निमूटपणे बॉनेट उघडलं आणि ऑइलची पट्टी बाहेर ओढली.