मागे कोण लागलंय?

शहरात पळणाऱ्या माणसाला लोक वाट देतात. दापोली तालुक्यात वाट अडवून विचारतात, "काय झालं?" किनाऱ्याच्या रस्त्यावर पन्नाशीचा, पोट सुटलेला, घामाने निथळणारा माणूस धावताना दिसला की तो गावाची जबाबदारी होतो. मोटरसायकलवाले थांबून "बसा मागे, सोडतो" म्हणतात. एसटीचा ड्रायव्हर गाडी हळू करतो, कंडक्टर दार उघडून धरतो आणि आतली सगळी जनता मला बस मिळते की नाही हे बघायला एका बाजूला वाकते. मी हातानेच नको म्हणतो. बस पुढे जाते. खिडक्यांमधली हळहळ माझ्या प्रकृतीबद्दल असते की डोक्याबद्दल, एवढंच कळत नाही.

पुण्यातल्या आमच्या पळणाऱ्यांच्या गटात मी शेवटून पहिला. कोच मला 'सातत्यपूर्ण' म्हणतात, कारण शेवटचा येण्यात मी कधी खंड पडू दिलेला नाही. आपल्या पुढे कोणीच नसेल अशी जागा मला हवी होती, म्हणून मुरुड. मुरुड म्हटल्यावर गटातल्या सगळ्यांना जंजिरा आठवला, पण ते मुरुड रायगडात. हे दापोलीच्या खालचं, हर्णै आणि कर्दे यांच्या मधलं. इथे धावायचे तीन मार्ग आहेत. पहिला पुळणीवरून कर्द्यापर्यंत, सपाट. दुसरा कर्द्याच्या पुढे डोंगर चढून लाडघरला जाणारा. तिसरा आसूदच्या बागांकडे चढणारा. दुसरा आणि तिसरा मी गाडीतून पाहिले. पाहण्यासारखे आहेत.

पुळणीवर धावायचं तर ओहोटी हवी, कारण कोरड्या वाळूत पाय रुततो आणि पाण्याने नुकतीच सोडलेली वाळू टणक असते. माझ्या मनगटावर घड्याळ, डाव्या बुटाच्या लेसमध्ये कोचने अडकवायला लावलेलं बोटभर यंत्र आणि मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचं ॲप. उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी तांदूळ निवडता निवडता विचारलं, "उद्या तिथी काय?" भिंतीवरच्या कॅलेंडरात द्वितीया होती. "दोन पाऊण दीड. दीडला भरती, म्हणजे साडेसात-पावणेआठला सुकती. सहाला निघा, वाळू घट्ट मिळेल." ॲपचं उत्तर यायला रेंज लागत होती. अंगणाच्या टोकाला, विहिरीच्या कठड्याला टेकून ती मिळाली, तेव्हा उत्तर तेच निघालं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते आणि पंधरा तिथ्यांत बारा तासांचं चक्र पुरं होतं, म्हणून हा हिशेब दोन्ही पक्षांत चालतो. शाळेत पाऊणकी पाठ नाही म्हणून मी मार खाल्ला होता. ती समुद्राची आहे हे गुरुजींनी सांगितलं असतं, तर निदान उत्साहाने खाल्ला असता.

सकाळी सहाला पुळण रिकामी होती. किनारा पाण्याकडे उतरता असतो, त्यामुळे जाताना एक पाय सतत खाली पडतो आणि परतताना दुसरा. दोन्ही गुडघ्यांना समान न्याय मिळतो, पण त्यासाठी परत यावं लागतं. अर्ध्या वाटेवर कोणाची तरी मोठी गाडी चाकांच्या निम्म्यापर्यंत वाळूत रुतलेली. तिच्यातले चौघे ट्रॅक्टरची वाट बघत गाणी लावून बसले होते. याच वाळूत थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासविणी येऊन अंडी पुरून जातात. पिल्लं बाहेर पडतात ती तळहातावर मावतील एवढी, आणि गाडीच्या चाकोरीत पडलेल्या पिल्लाला तिची भिंत चढता येत नाही. चौघांपैकी एकाने मला "कमॉन अंकल!" म्हणून टाळ्या वाजवल्या. मी आयुष्यात प्रथमच कोणाला तरी मागे टाकलं आणि त्याचा आनंद झाला नाही.

पुढे एक पऱ्ह्या समुद्राला मिळतो. पाणी घोट्याएवढंच, पण बूट नऊ हजारांचे. ते हातात घेऊन मी पलीकडे गेलो, खडकावर बसलो आणि तळव्यांची वाळू झटकू लागलो. तेवढ्यात एक तांबूस कुत्रा आला. त्याने आधी उजवा बूट हुंगला आणि नापसंत केला. मग डावा उचलला, माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि चालू लागला. मी उठलो, तसा तो पळू लागला.

एका पायात बूट घालून पळण्याचं कोणतंही शास्त्र नाही. सुरूच्या बनातून तो वाडीत शिरला, वाडीतून पाखाडीवर, पाखाडीवरून गडग्यावर उडी आणि पलीकडच्या आगरात. मी गडग्यावर चढलो खरा, पण जांभ्याच्या त्या भिंतीवर मला पुढे काय करायचं ते सुचेना. पोफळींना शिंपणं करणाऱ्या गृहस्थांनी नळी बाजूला ठेवली.

"कोण लागलंय मागे?"

"मागे नाही, पुढे. कुत्रा. बूट."

हां हां म्हणता पाच-सहा माणसं जमली. "केवढ्याचा?" "नऊ हजार." थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एका आजोबांनी विचारलं, "जोड ना? मग साडेचारच गेले." कुत्रा कोणाचा, तर कोणाचाच नाही, पण त्याच्या सवयी सगळ्यांना पाठ. "चामड्याचा आहे काय?" मी नाही म्हणालो. "मग टाकील तो. खाण्यापिण्याचा चोखंदळ आहे." दोन पोरं शोधाला निघाली. मला उतरवून घेण्यात आलं, कोकम सरबत देण्यात आलं आणि रविवार असूनही माणूस एवढ्या सकाळी का पळतो यावर चर्चा सुरू झाली. साखर असेल, असं बहुमत पडलं.

पाखाडीच्या पायरीवर मासळीची पाटी टेकवून एक म्हातारी मघापासून ऐकत होती. हर्णैहून आलेली. ती म्हणाली, "आम्ही पण पळायचो." आईबरोबर, डोक्यावर पाटी घेऊन, हर्णैपासून दापोलीच्या बाजारापर्यंत, घाटी चढून. पंधराएक किलोमीटर. "मासा एकदा पाण्याबाहेर मरतो नि एकदा उन्हात. ऊन चढायच्या आत पोचायचं. माझ्या आयशीला कोणी पळताना बघितलं तर विचारीत नव्हते का पळतेस म्हणून." एवढं बोलून तिने माझ्या अनवाणी पायाकडे पाहिलं, पदराचं टोक पाण्यात भिजवलं आणि अंगठ्याचं रक्त पुसलं. मी काही म्हणायच्या आत पाटी डोक्यावर गेली होती. तिचा चालण्याचा वेग माझ्या पळण्यापेक्षा जास्त होता.

मुरुड तसं पायांच्याच जोरावर पुढे आलेलं गाव. महर्षी कर्वे इथे वाढले. नोकरीसाठीच्या सरकारी परीक्षेला बसायला ते मुरुडहून भर पावसात साताऱ्याला चालत गेले. अंतर ११० मैल, म्हणजे १७५ किलोमीटरच्या वर. तिथे साहेबाने वय लहान दिसतं म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. तरी ते १०४ वर्षं जगले आणि शंभराव्या वर्षी, १९५८ साली, त्यांना भारतरत्न मिळालं. माझं वय कधीच लहान दिसलेलं नाही. त्या बाबतीत साहेबाची आणि माझी गाठ पडली असती, तर परीक्षा निर्विघ्न पार पडली असती.

पोरं बूट घेऊन आली. जीभ गायब, टाच चघळलेली, लेस मात्र शाबूत आणि लेसमधलं यंत्र लुकलुकतं. मी एका पायात बूट आणि दुसऱ्यात शिंपणंवाल्यांची रबरी चप्पल घालून घरी आलो. काकूंनी आंबोळ्या काढल्या. वाळूचं काय झालं, एवढंच त्यांनी विचारलं. घट्ट होती, मी म्हणालो.

संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावरून रेंज आली आणि मोबाइल वाजायचा थांबेना. यंत्राने दिवसभराची नोंद परस्पर गटाला कळवली होती. माझ्या नावावर, बनातून गडग्यापर्यंत, गटातला आजवरचा सर्वांत वेगवान तुकडा. अभिनंदनांचा पाऊस पडला होता. आम्हाला नेहमी मागे टाकणाऱ्या एका बँक मॅनेजरने फक्त "कसं काय?" एवढंच लिहिलं होतं, आणि त्याचं दुःख मी तीनदा वाचलं. शेवटी कोचचा निरोप आला, "हा आहार पुढेही चालू ठेवा. धावताना नेमकं काय खाल्लं होतं?"

मी खरं ते कळवलं, "अर्धा बूट."