कृष्णधवलाचे उपासक

पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात १९६० साली सरकारी चित्रपट संस्था स्थापन झाली, आणि विधि महाविद्यालयाच्या रस्त्यावरील चहाच्या दुकानांना असे एक गिऱ्हाईक कायमचे लाभले, की ज्याचे नाव संस्थेच्या हजेरीपटावर कधीही नव्हते, परंतु ज्याचा लघुपट सदैव येत्या हिवाळ्यात सुरू व्हावयाचा असतो. कथा काय, असे विचारल्यास हे गृहस्थ फिल्मचे नाव सांगतात.

तेही अद्याप मुक्रर झालेले नाही. एकुलत्या एका चिरंजीवासाठी मुली पाहणाऱ्या मातोश्रींच्या चिकित्सेने ते फिल्म पाहतात आणि नाकारतात. कोडॅकची डबल-एक्स १९५९ पासूनची, खानदानी, ‘शिंडलर्स लिस्ट’पर्यंत लौकिक पोचलेली, पण तिचे दाणे यांच्या डोळ्यांत खुपतात. ट्राय-एक्स रिव्हर्सल धुतल्यावर निगेटिव्हऐवजी थेट पॉझिटिव्ह चित्र हाती देते, मात्र उजेडाच्या मोजमापातली चूक पोटात घालीत नाही, सबब फटकळ. ऑर्वोची यूएन ५४ बारीक दाण्याची आणि देखणी, परंतु तिची संवेदनक्षमता अवघी १००, आणि यांचे सारे चित्रण सदाशिव पेठेतील ज्या माजघरात व्हावयाचे, तेथे भर दुपारी चष्मा शोधण्यास दिवा लागतो. प्लस-एक्स बाजारात होती तोवर तिच्यातही खोडी निघाल्या; उत्पादन बंद पडताच तिच्यासारखी दुसरी होणे नाही, हे पालुपद सुरू झाले.

तांबड्या फिल्टरचे प्रकरण तर स्वतंत्र दफ्तराच्या योग्यतेचे आहे. तो निळा प्रकाश अडवितो, त्यामुळे निरभ्र आकाशही पडद्यावर वादळापूर्वीचे दिसते, या एका गुणावर हे लुब्ध झाले; त्यापायी प्रकाश अष्टमांशावर येतो, हेही त्यांनी सोसले; परंतु तोच फिल्टर तांबडा रंग मात्र उजळ करून सोडतो, तेव्हा नायिकेचे (कथा नसली तरी नायिका आहे) ठसठशीत कुंकू कपाळाच्या वर्णात विरून जाईल, ही गोष्ट त्यांनी शास्त्रीय उत्साहाच्या भरात त्या भूमिकेसाठी वळविलेल्या आत्याबाईंनाच समजावून सांगितली. आत्याबाईंनी तेथल्या तेथे राजीनामा दिला.

डिजिटल कॅमेऱ्याने चित्रण करून मागाहून रंग काढून टाकावेत, अशी तजवीज कोणी सुचविली की यांचा चेहरा सुतक आल्यासारखा होतो. कोणता रंग किती काळा उमटावा याचा फैसला फिल्म आणि फिल्टर निवडतानाच करावा लागतो व मग तो फिरविता येत नाही, असे त्यांचे म्हणणे; आणि ते, माझ्या मते, अगदी रास्त आहे. फक्त असा एकही फैसला त्यांच्या हातून आजवर झालेला नाही.

नियोजित लघुपट आठ मिनिटांचा आहे. सोळा मिलिमीटरच्या चारशे फुटी डब्यात अकरा मिनिटे मावतात. म्हणजे फेरचित्रणे सोडली, तर हा सारा खल एका डब्यापुरता आहे.