मसालेभात, वाळू आणि पुढची दोन चाकं

क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीच्या चारही चाकांना हिवाळी टायर लागतात. नसले तर २०० ते ३०० डॉलर दंड. माझा आक्षेप कायद्याला नव्हता, फक्त चार या आकड्याला होता. माझी जुनी हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालते. इंजिन पुढे, वजन पुढे, ओढतातही पुढचीच दोन. मागची दोन नुसती सोबतीला. मग त्यांना नवे टायर कशाला? पुण्यात मारुती ८०० वर हात बसलेल्या माणसाचा हा रास्त प्रश्न मी गॅरेजवाल्यापुढे मांडला. तो म्हणाला, पुढे पकड आणि मागे नाही अशी गाडी वळणावर ब्रेक लागताच मागून गरकन फिरते, आणि मग आपण आलो त्याच रस्त्याकडे तोंड करून बसतो. शिवाय दंड. दंडाचा मुद्दा मला लगेच पटला.

हे टायर खरोखर वेगळे असतात. साध्या टायरचं रबर तापमान सात अंशांखाली गेलं की कडक होत जातं. यांचं मऊ राहतं, आणि त्यावरच्या असंख्य बारीक चिरा बर्फ धरतात. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह. ते चिन्ह मिळाल्यापासून माझ्या बोलण्यात जरा वजन आलं. ५ डिसेंबर २०१६ ला मॉन्ट्रियलच्या बीव्हर हॉलच्या उतारावर बसगाड्या, मोटारी, पोलिसांची गाडी आणि वर बर्फ काढणारा ट्रकसुद्धा एकमेकांवर घसरत गेले, ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. तेव्हा टायरची मुदत १५ डिसेंबर होती, २०१९ पासून ती १ तारखेवर आली. ही सगळी माहिती मी आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येकाला, त्याने विचारलेलं नसताना, पुरवली.

मी हे टायर घातले त्या हिवाळ्यात वाईहून सासरे आले होते. आयुष्यभर पसरणीच्या घाटात सरकारी जीप चालवलेला माणूस. बर्फ त्यांनी फक्त उसाच्या रसात पाहिलेला. पण संक्रांतीच्या कार्यक्रमाला निघताना ते म्हणाले, "जावईबापू, डिकीत वाळूचं पोतं टाका. मागं वजन पाहिजे."

मी हसलो. जीपची मागची चाकं ढकलतात, म्हणून तिथे मागे वजन हवं; माझ्या गाडीत ते उलट पुढचं टोक हलकं करील, हे मी त्यांना हातवारे करून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोतं टाकलं. शेजारी बायकोने चाळीस माणसांच्या मसालेभाताचं पातेलं ठेवलं. त्याला मात्र भौतिकशास्त्र लावायची माझी हिंमत झाली नाही.

यजमानांचं घर मों-रोयाल डोंगराच्या उतारावर, गल्लीच्या टोकाला. उणे अठरा तापमान, ताजा बर्फ. चढ निम्मा झाला आणि गाडी थांबली. चाकं फिरत होती, गाडी जागच्या जागी. मी आणखी दाबलं. फिरत्या चाकाखालचा बर्फ वितळतो आणि पुन्हा गोठून आरशासारखा होतो, हे मला पाठ होतं. पण पाठ असलेलं पायापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. या चाकांची गत आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीसारखी असते : हॉल त्यानेच ठरवायचा, चहा त्यानेच करायचा, आभारही त्यानेच मानायचे. ओढायचं त्यांनीच, वळायचं त्यांनीच, थांबवण्याचा बहुतेक भारही त्यांच्यावरच. त्यात चढावर सगळं वजन मागे सरकलेलं, आणि मागे भात.

"दुसऱ्या गिअरवर उचला," मागून सासरे. घाटातला सल्ला बर्फातही बरोबर निघतो याचा मला राग आला. दुसऱ्या गिअरवर गाडी हातभर सरकली आणि पुन्हा बसली. मग ते उतरले, पोतं फोडलं, आणि पुढच्या चाकांखाली वाळू पसरली. पोतं योग्य ठिकाणी गेल्यावर उपयोगी पडलं, असं मी तेव्हाही म्हणालो.

पण चढ अजून बाकी होता. समोरच्या दारात फावड्याने बर्फ काढणाऱ्या एक आजीबाई थांबल्या आणि ओरडल्या, "आ रकुलों, मस्यू! आ रकुलों!" गाडी उलटी करा, उलटी चढवा. विचार केला तर बरोबरच होतं. उलटं चढताना पुढची चाकं उताराच्या बाजूला राहतात आणि वजन त्यांच्यावरच येतं. गल्ली रिकामी बघून, रुंद जागेत गाडी फिरवून मी रिव्हर्स टाकला. गाडी मुकाट्याने चढू लागली. वर खिडकीत सगळं मंडळ जमलं होतं. टाळ्या ऐकू आल्या.

टाळ्यांमुळे माणूस ब्रेक उशिरा दाबतो. पायाखाली पेडल थरथरलं, गाडी संथपणे मागे जात राहिली आणि यजमानांच्या अंगणातल्या बर्फाच्या ढिगात मागच्या काचेपर्यंत रुतली. खरचटलं काही नाही. फक्त डिकी उघडेना, आणि चाळीस माणसांचा भात डिकीत.

मग काळ्या साड्या आणि काळे कुर्ते घातलेली माणसं फावडी, परात, एक डस्टपॅन घेऊन बाहेर आली. बर्फ दाबून दगड झाला होता. सेक्रेटरी सर्वांत पुढे, हे सांगायला नकोच. अर्धा तास खणून झाल्यावर यजमानांची शाळकरी मुलगी दारातून म्हणाली, "काका, मागची सीट पुढे पाडली तर पातेलं आतूनच निघेल ना?"

निघालं. कोमट होतं. सासऱ्यांनी दोनदा भात घेतला आणि चढ पसरणीपेक्षा सोपा असल्याचा निर्वाळा दिला.

मंडळाला माझी एवढीच विनंती आहे, की पुढच्या संक्रांतीला आमच्याकडे तिळाच्या वड्या सोपवाव्यात. त्या आम्ही १६५ नंबरच्या बसने आणू.